ताणलेली टेप

"सिस्टर, तुमचा काटा बिघडलाय," टेलरबाई वजनकाट्यावरून न उतरताच म्हणाल्या. "दुरुस्तीवाल्याला बोलवा हवं तर. मी थांबते."

नर्स हसली नाही. हे वाक्य तिनं सकाळपासून कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल कोण जाणे.

"मावशी, काटा परवाच तपासून घेतलाय. मागच्या खेपेपेक्षा अर्धा किलो जास्तच भरतंय तुमचं."

"जास्त? अहो, महिनाभर काकडीवर जगतेय मी! आणि काटा काहीही म्हणो, कंबर उतरलीय माझी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे बघा."

टेलरबाईंनी पर्समधून टेप काढली. दुसरी बाई पर्समधून जशी किल्ली काढते तशी, न बघता. कमरेभोवती फिरवली, अंगठ्यानं आकडा दाबून धरला आणि नर्सच्या नाकासमोर नेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत कंबर आली होती, चांगली बोटभर आत.

नर्सनं ड्रॉवरमधून आपली टेप काढली. मोजलं. कपाळाला आठी घालून पुन्हा मोजलं. मग दोन्ही टेपा टेबलावर शेजारीशेजारी अंथरल्या आणि एक टोक जुळवलं. दुसऱ्या टोकाला टेलरबाईंची टेप तिच्या टेपेच्या चांगली तीन बोटं पुढे गेली होती.

"आता यातली खरी कुठली?" टेलरबाईंनी विचारलं खरं, पण विचारताविचारताच त्या खुर्चीत बसल्या.

ती टेप त्यांच्या गुरूची. शिवणकाम शिकवून झाल्यावर म्हाताऱ्या मास्तरांनी स्वतःच्या गळ्यातली काढून त्यांच्या गळ्यात घातलेली. तेव्हापासून रोज ओढली गेलेली, घामात भिजलेली, इस्त्रीखाली सापडलेली ती कापडी पट्टी हळूहळू ताणत गेली होती. दुकानात हे कुणाच्याच ध्यानात यायचं कारण नव्हतं. माप घ्यायचं त्याच टेपेनं आणि कापड बेतायचंही त्याच टेपेनं. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे शर्ट अंगात चपखल बसायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण टेलरबाईंच्या कमरेचं पहिलं माप घेतलं होतं हॉस्पिटलच्या टेपेनं, आणि नंतरची सगळी त्यांनी घरी आपल्या टेपेनं. पहिल्याच आठवड्यात कंबर दीड इंच उतरली, तेव्हा त्या दुकानात एकट्याच टाळी वाजवून हसल्या होत्या. ते आता आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण हा नटण्यामुरडण्याचा मामला नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून त्याचं रक्त शुद्ध करून घ्यावं लागत होतं, आणि प्रत्येक खेपेला तो थोडा अधिक थकून परत येत होता. टेलरबाईंचं रक्त त्याच्याशी जुळलं, सगळ्या तपासण्या जुळल्या, आणि माशी शिंकली ती वजनावर. एवढ्या वजनाच्या बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाल्या. वजनाचा एक आणि कमरेचा एक असे दोन आकडे त्यांनी दिले. त्यांच्या आत आलात तर तुमचं मूत्रपिंड भावाला, नाहीतर भावाचं नाव प्रतीक्षेच्या यादीत. त्या यादीत नंबर लागेपर्यंत भाऊ टिकेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि टेलरबाईंनी विचारलं नव्हतं.

टेपेचा घोळ उघडकीला आला त्या दिवशी डॉक्टरांनी जेवणाबद्दल फार विचारलंच नाही. टेलरबाईंचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही झोपता किती?"

"झोपते ना."

"पडता किती ते नाही विचारलं. डोळा किती वेळ लागतो?"

टेलरबाई हातातली टेप गुंडाळू लागल्या.

"तरीच. रक्तदाबही वाढलाय तुमचा. माणूस झोपला नाही की भूक खवळते, आणि खाल्लेलं अंगाला चिकटून बसतं. रात्री जागी असताना काय खाता?"

"काही नाही," टेलरबाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बिस्किटं. पण ती काय, कागदासारखी असतात."

"कागदसुद्धा खाल्ला तर वजन वाढतं. आता खाणं मी सांगितलंय तेवढंच, आणि मुख्य म्हणजे झोपा. झोपल्याशिवाय हे वजन उतरणार नाही. पुढच्या खेपेला आकडे जमले नाहीत तर मला दुसरी वाट बघावी लागेल."

हीच गोष्ट भाऊ दोन महिने कानीकपाळी ओरडत होता. पण सोनारानंच कान टोचलेले बरे.

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. केस पांढरे झाले तरी टेलरबाई त्याला छोट्या म्हणत. पूर्वी तो माल पोचवायची गाडी चालवायचा. आता दुकानात बसून बटणं लावायचा आणि काजं करायचा, आणि ती काजं टेलरबाई त्याच्या नकळत उसवून पुन्हा करायच्या. लग्नाच्या भानगडीत दोघंही पडली नव्हती. दुकानामागची एक खोली त्याची, आणि दुकानातच मशीनशेजारी टेलरबाईंची खाट.

"काय म्हणाला काटा?" त्यानं विचारलं.

"काटा म्हणाला, तुझी बहीण खोटारडी आहे," टेलरबाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसेपर्यंत रडू आवरून धरलं.

नवी टेप त्यांनी वाटेतच घेतली. जुनी टाकून दे असं भावानं म्हटलं, तेव्हा त्या त्याच्यावर अशा वसकन ओरडल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. जुनी टेप मशीनच्या ड्रॉवरमध्ये गेली.

आणि चारच दिवसांत नवा घोळ झाला. शाळेच्या मुख्याध्यापकांची पँट त्यांनी जुन्या मापावरून, पण नव्या टेपेनं बेतली. मुख्याध्यापक ती घालून बघायला पडद्यामागे गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा श्वास रोखून आले.

"बाई, मीच सुटलोय वाटतं," ते ओशाळून म्हणाले. "आजपासून गोड बंद."

टेलरबाईंना मोह झाला नाही असं नाही. सोबत मिळाली असती. पण त्यांनी खरं काय ते सांगितलं, पँटच्या शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड मोकळं केलं, आणि मुख्याध्यापक जाताना इतके खूश होते की त्यांनी आणखी एक पँट शिवायला टाकली.

खाण्याचं एक वेळ जमलं. बिस्किटांचा डबा भावानं शेजारणीकडे ठेवायला दिला. संध्याकाळी दुकान बंद करून टेलरबाई चालायला जाऊ लागल्या. पण झोप? झोप काही शिवून मिळत नाही. कोमट दूध झालं, गरम पाण्यात पाय झाले, दुपारनंतरचा चहा बंद झाला. कुणीतरी म्हणालं, मेंढ्या मोजा. मेंढ्या मोजता मोजता टेलरबाई त्यांच्या लोकरीचे स्वेटर बेतायला लागल्या आणि होती ती झोपही उडाली.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. मागे एकदा भावाच्या छातीत पाणी भरलं होतं. त्याला हाक मारायचंही त्राण नव्हतं. टेलरबाईंना योगायोगानं जाग आली, म्हणून तो वाचला. तेव्हापासून त्यांचा कान त्याच्या श्वासाला बांधला गेला होता. तो घोरला की बरं वाटायचं. घोरणं थांबलं की त्या उठून दारात उभ्या राहायच्या, त्याची छाती वरखाली होतेय ना ते बघायच्या, परत येऊन पडायच्या. आपण झोपलो आणि तो गेला तर, ही एकच भीती. तो जगावा म्हणून झोपायला हवं, आणि तो जगावा म्हणून जागायलाही हवं. या दोन्हीच्या मधे त्यांचा जीव कात्रीत सापडला होता.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका संध्याकाळी भाऊ ड्रॉवरमधून ती जुनी टेप घेऊन आला.

"ताई, लहानपणी तू मला बांधून ठेवायचीस. आठवतं?"

न आठवायला काय झालं! आई लवकर गेली. वडील कामासाठी गावोगाव. छोट्या झोपेत चालायचा, एकदा तर थेट रस्त्यावर सापडला होता. मग ताईनं पायजम्याची नाडी काढली, एक टोक त्याच्या पायाला आणि एक आपल्या मनगटाला. तो उठला की नाडी ओढली जायची आणि ताईला जाग यायची.

"शेळी बांधतात तसं बांधायचीस," भाऊ म्हणाला.

"तू झोपेत चालायचास."

"आणि आता तू जागेपणी चालतेस. मला काय कळत नाही? रोज दारात येऊन उभी राहतेस. डोळे मिटून पडलेला असतो मी, तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम घोरतो."

टेलरबाई बघतच राहिल्या.

"मुद्दाम?"

"मग? एवढं सुरात कोण घोरतं?"

त्यानं आपली खाट ओढत दाराशी आणली. त्याला धाप लागली, म्हणून ताईची खाट ताईनंच ओढली. मधे उंबरा आणि दोन्हीकडे खाटा. टेपेचं एक टोक त्यानं आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं ताईच्या.

"हे बघ, दम लागला की मी ओढणार. मी ओढलं नाही तर तू उठायचं नाही."

"आणि ओढता नाही आलं तर?"

"हात हलवायला काय ताकद लागते? हाक मारणं जमलं नव्हतं, हात हलत होता माझा. तेव्हा टेप असती तर ओढली असती."

टेलरबाईंनी मनगटावरचा वेढा घट्ट केला.

त्याच रात्री त्यांना झोप लागली असं सांगितलं तर ते तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि ते खरंही नाही. पहिले काही दिवस त्याच मधूनमधून टेप ओढून बघायच्या आणि पलीकडून आवाज यायचा, "मी ओढायचं ठरलंय, ताई. तू नाही." पण एक गोष्ट झाली. कानाचं काम मनगटाकडे गेलं. घोरणं थांबलं तरी त्यांना उठावंसं वाटेना. तास दीड तास डोळा लागू लागला. मग थोडा जास्त.

आणि मग एका सकाळी दुकानाचं शटर कुणीतरी ठोकत होतं, त्या आवाजानं त्या जाग्या झाल्या. झरोक्यातून मशीनवर ऊन आलं होतं. मशीनवर ऊन येतं तेव्हा एरवी त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना. मग मनगटाची आठवण झाली आणि त्या धडपडत उंबऱ्याकडे वळल्या.

भाऊ खाटेवर बसला होता. ताठ. उजवा हात खाटेबाहेर, उंबऱ्यावर लांब केलेला, टेप सैल राहील इतका. चेहरा दुखण्यानं वाकडा झाला होता.

"काय झालं रे? दुखतंय का?"

"हात. मुंग्या आल्यात. खांद्यापर्यंत बधिर झालाय."

"मग हलवायचा ना मेल्या!"

"हलवला असता तर उठली असतीस."

"कधीपासून बसलायस असा?"

"दूधवाला येऊन गेला, पेपरवाला येऊन गेला. हा शटर ठोकणारा मेला कोण आहे त्याला आधी बघतो मी." मग तो एकदम हसला. "ताई, तू घोरतेस. आणि सुरातबिरात काही नाही हं."

टेलरबाई त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसल्या. आजवर झोपमोड झाली ती त्यांची. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून कुणी हात अवघडून बसलंय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांना फार रडू आलं आणि त्यांनी ते या वेळी आवरलं नाही. बाहेर गिऱ्हाईक शटर ठोकून ठोकून निघून गेलं.

त्यानंतर वजन उतरू लागलं. एकदम नाही, हट्टी डाग निघावा तसं, थोडंथोडं. मधे एकदा चार दिवस अडून बसलं, तेव्हा टेलरबाईंनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि रोजच्या वेळी झोपून गेल्या.

पुढच्या खेपेला त्या काट्यावर चढल्या तेव्हा डोळे मिटून चढल्या.

"मावशी," नर्स म्हणाली, "काटा अजून बिघडलेलाच आहे का?"

टेलरबाईंनी एक डोळा उघडला. खाली बघितलं. मग दुसरा उघडला.

"नाही," त्या म्हणाल्या. "सुधारलाय मेला."

कंबर नर्सनं आपल्या टेपेनं मोजली. रक्तदाब डॉक्टरांनी स्वतः बघितला, थोडं थांबून पुन्हा बघितला आणि मान हलवली. बाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. ताई दारातून बाहेर येताना कशी चालतेय, एवढंच त्यानं बघितलं.

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी टेलरबाई जुनी टेप हातात घेऊन बराच वेळ बसल्या. हॉस्पिटलात बायकांचा वॉर्ड खाली आणि पुरुषांचा वर. मधे आख्खा जिना.

"एवढी लांब नाही पुरायची," भाऊ म्हणाला.

टेलरबाईंनी मोठी कात्री उचलली. मास्तरांची माफी मागितली, अगदी तोंडानं, मोठ्यानं. टेप मधोमध दुमडली, कापली आणि एक अर्धी भावाच्या हातात दिली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री बहुतेकांना झोप येत नाही. म्हणून ती काट्याजवळची नर्स वॉर्डात झोपेची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. पलंगाशी वाकून तिनं हळू हाक मारली, "मावशी..."

टेलरबाई गाढ झोपल्या होत्या. अगदी बेसूर घोरत होत्या. मनगटाला आकडे पुसट झालेली अर्धी टेप गुंडाळलेली होती आणि तिचं मोकळं टोक पलंगाखाली लोंबत होतं. नर्सनं ते उचलून त्यांच्या मुठीत ठेवलं. मग गोळी खिशात टाकली, पेल्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि दिवा मालवला.