सागाचा कणा

मित्रांनो, माझे मणके मोजून घ्या, तेहेतीस भरतील. मी सागवानी लाकडाचा जुना कणा आहे. १९५८ साली भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा काँक्रीटसाठी लाकडी साचे, म्हणजे शटरिंग, ठोकणारे सुतार दौलतराव यांनी मला घडवले. प्रथमोपचार शिकवणाऱ्या नर्स वसुंधराबाईंना वर्गासाठी मी हवा होतो.

मानेचे सात मणके, छातीचे बारा, कमरेचे पाच. खालचे नऊ जुळून दोनच हाडे झालेली. मधल्या गाद्या म्हणून ट्यूबच्या रबरी चकत्या आणि मागच्या पोकळीतून मज्जारज्जूची लाल दोरी.

मला पाहून बाई हसल्या. "दौलतराव, हा कणा आहे की भट्टीची चिमणी?"

"बाई, आपलं काम ओळंब्यातलं, सरळसोट असते."

"तिथंच चुकलं! मान पुढे, पाठ मागे, कंबर पुन्हा पुढे. या वळणांनीच धक्का सोसतो तो."

दौलतरावांनी मला पुन्हा तासले. मग मी खरा कणा झालो.

एके दुपारी शेडमध्ये वर्ग चालू असताना बाहेर मजूर देवराव बांधकामाच्या परांचीवरून पडला. दारात टांगलेल्या मला सारे दिसत होते. त्याच्या सोबतच्या चंपतने धावत जाऊन त्याच्या बगलेत हात घातला.

"उठ गा देवराव, पानी पी!"

"सोड त्याले!" दौलतराव ओरडले. "मणका सरकला तं आतली दोरी तुटन. मंग पाय तू देशीन काय?"

"उनात पडू देऊ काय मंग?"

"सावली धर. मी फळी आणतो."

बाईंनी देवरावचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरले. चौघांनी मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घेतले.

"देवराव, पायाची बोटं हलवा."

मग डावा अंगठा हलला. पाठोपाठ उजवाही.

पाच महिन्यांनी देवराव स्वतःच्या पायांनी शेडमध्ये आला.

"कोनता मोडला होता माहा?"

दौलतरावांनी कमरेचा पहिला मणका दाखवला. देवरावने त्यावर बोट टेकवले.

"एवढासाच?"

हो मित्रांनो, एवढासाच असतो. आता मी भिलाईतल्या सेक्टर दोनच्या शाळेत कपाटात असतो, चकत्या झिजल्या आहेत. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण उंचावरून पडलेल्याला ओढून बसवू नका. त्याला हलू देऊ नका, मदत बोलवा आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.