दाराबाहेर सांगितलेला आजार

इवान्थिया म्हातारी त्या सकाळी अंगणात पाय लांब सोडून बसली होती. पाय कसले, फुगलेले पाव! मांडीवर बशी, बशीत मिठातले ऑलिव्ह. एक तोंडात टाकायची, बी कोंबड्यांकडं भिरकवायची.

"आई, गोळी घेतलीस?" पोरानं, फोतीसनं विचारलं.

"ती मुतायला पळवणारी? दिली फेकून. सर्दीला कशाला असली गोळी?"

जिल्ह्याच्या डॉक्टरनं फोतीसला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, आईचं हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय. ग्रीसच्या ह्या डोंगरात रीतच तशी. आजार घरच्यांना सांगायचा, ज्याला झालाय त्याला नाही. धसका घेईल म्हणे! मग फोतीसनं सर्दी सांगितली. मीठ कमी खा म्हणायचा, का ते सांगायचा नाही. म्हातारी कशाला ऐकतेय? सूज वाढली, तर ह्याचं आपलं एकच, औषधाला गुणच नाही.

म्हणून त्यानं अथेन्सच्या एका खासगी दवाखान्याचा माणूस घरी बोलावला. चकचकीत बुटातला.

"आजी, तुमच्याच हाडातल्या मूळपेशी काढायच्या, हृदयात सोडायच्या. हृदय एकदम नवं!"

"हृदयात? अरे, मला तर सर्दी झालीय."

बूटवाला फोतीसकडं बघायला लागला. फोतीस कोंबड्यांकडं.

"तोंडात काय कोंबलंय रे? बोल!"

बोलला शेवटी. सगळं.

"म्हणजे मी मीठ चघळतेय, गोळ्या फेकतेय, अन् तू बघत बसलास?"

"घाबरशील म्हणून, आई..."

"मेल्या, काळीज माझं, अन् मी सोडून गावाला ठाऊक! आता त्यात सुया पण मला न विचारता खुपसणार होतास?" मग बूटवाल्याकडं वळून, "तू नीघ रे बाबा."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः डॉक्टरपुढं जाऊन बसली. डॉक्टर सवयीनं म्हणाला, "फोतीस, जरा बाहेर येतोस?"

"तो जाईल. एकटा. तू इथं बस, अन् मला सांग. त्या पेशींचं खरं काय?"

डॉक्टर अवघडला. "अजून प्रयोगच चाललेत, आजी. खात्री कुणालाच नाही. नवं हृदय देतो म्हणणारा फसवतोय."

"अन् माझं?"

"बरंच थकलंय. पूर्ववत होणार नाही. पण गोळ्या नेमानं घेतल्या, मीठ सोडलं, तर चांगले दिवस मिळतील."

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर घाईघाईनं उठला, पोराला हाक मारायला दाराकडं निघाला.

"बस खाली," इवान्थिया म्हणाली. "रडतेय मी. बहिरी नाही झाले."