पत्र्याची की लाकडाची

माझ्या भावाने आयुष्यात मला काही विचारलं नाही. घराचा रंग बदलला, फाटक बदललं, सगळं परस्पर. त्यामुळे एका रविवारी तो शेडवाल्याचं चित्रांचं पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, परसात एक शेड टाकतोय, सामान ठेवायला. पत्र्याची घेऊ की लाकडाची? तू म्हणशील तशी," तेव्हा मी हुरळून गेले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ती म्हण माझ्यासाठीच केली असावी.

मी शिवणकाम करते. रस्त्याकडची पुढची खोली माझी. मोठी खिडकी, खिडकीशी मशीन, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्याला एकेका गिऱ्हाइकाचं माप, जाड कागदातून कापलेलं, वर शाईने नाव आणि आकडे. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, सगळं त्या भिंतीवर दिसतं. पहिल्या खिळ्याला भावाचं माप आहे. शाळेच्या सदऱ्यापासून आजवर त्याच्या अंगाला दुसऱ्या कुणाची शिलाई लागलेली नाही, आणि हे तो चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगतो.

तर शेड. मी चष्मा लावून पुस्तक पाहिलं. भावजय दारात उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, लाकडाचीच घेऊ या. पत्र्याला घाम येतो. थंडीत पहाटे आतून थेंब पडतात."

"पडू देत की! कुदळीला सर्दी झालेली ऐकलीस का कधी?"

भाऊ खो खो हसला. मला आणखी चेव आला.

"उन्हात तापतो पण किती," ती म्हणाली.

"मग फावड्याला पंखा लावून दे. अगं, लाकूड म्हणजे दरवर्षी तेलपाणी करा, वर वाळवीला आमंत्रण. फुटक्या कुंड्या ठेवायच्या, त्यांना कशाला लाकडाचे लाड?"

तिने तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं आणि मूग गिळून आत गेली. मी तिला गप्प केलं याचा मला फार आनंद झाला. भावाने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "ठरलं तर. ताईच्या पसंतीची."

शेड आली. राखाडी पत्र्याची, एकच लहान खिडकी. ती उभी राहिली त्या दिवशी मी शेजारणीला बोलावून दाखवली, एवढी मी खुळी. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेल्यावर वायरमन आला. मी परसात वाळत घातलेलं अस्तर काढत होते.

"बाई, मशीन कुठल्या भिंतीला लावणार? बोर्ड तिथेच बसवतो."

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. साहेब म्हणाले, ताईंचं काम आता इकडे. मुलाचं लग्न ठरलंय ना, पुढची खोली त्याला देणार आहेत." माझं तोंड बघून तो चाचरला. "तुम्हीच ना ताई?"

मीच ताई. मी त्याला कुठलीशी भिंत दाखवली आणि स्वयंपाकघरात गेले. भावजय भांडी विसळत होती. माझ्या हातातलं अस्तर जमिनीवर लोळत आलेलं बघून ती काय ते समजली.

"तुला ठाऊक होतं?"

"मीच ताईला सांगेन, म्हणाले. तोवर तू बोललीस तर बघ, म्हणाले." तिने नळ बंद केला. "म्हणून तर लाकडाची म्हणत होते, वन्सं. तेवढंच माझ्या हातात होतं."

जिच्यावर मी विनोद केले, ती माझ्या बाजूने लढत होती. आणि माझ्या विनोदांवर हसणारा माझ्या पाठचा भाऊ होता. मला त्या हसण्याचाच राग आला, खोलीचा नंतर.

संध्याकाळी तो आला. मी दारातच विचारलं. तो बूट सोडत राहिला, मान वर न करता म्हणाला, "ताई, शेड तूच तर पसंत केलीस."

"अरे, खोली मागितली असतीस तर मी आपल्या हाताने रिकामी करून दिली असती. त्या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय."

"तेच तर. तू नाही म्हणणार नव्हतीसच."

"मग विचारलं का नाहीस?"

त्याने बूट उचलून कोपऱ्यात ठेवले आणि आत निघून गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. भाचा तर पाया पडायला आला, "आत्या, बाबा म्हणाले, तू आपणहून खोली दिलीस." पोराचा चेहरा इतका फुलला होता की माझ्याने खरं सांगवेना. भाऊ शेजारीच उभा होता. त्याने नजर वळवली.

मी शेडमध्ये गेले. दुसरीकडे कुठे जाणार? तिथे पत्र्याच्या भिंतीत खिळे ठोकता येईनात, म्हणून दोरी बांधून मापं टांगली. पहिल्याच थंडीत एका सकाळी दार उघडलं तर छताला थेंब लोंबत होते आणि खाली कागद भिजून वाकले होते. नावं पसरली होती, आकडे वाचता येत नव्हते. भावजयीने एक एक कागद उचलून नेला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि वर पंखा लावला.

लग्न जवळ आलं तसा भाऊ एका सकाळी शेडच्या दारात आला. हातात कापड, चांगलं, भारीचं.

"ताई, लग्नासाठी माझा सदरा. तुझ्या हातचाच हवा."

मी कापडावरून हात फिरवला. घडी घालून त्याला परत दिलं.

"रेडिमेड घेतोस की चौकातल्या शिंप्याकडे टाकतोस?" मी विचारलं. "रेडिमेड झटपट मिळेल. शिंपी वेळ लावतो, पण बाही बरी बसवतो. तू म्हणशील तसं."

तो थोडं हसला, मग थांबला.

"म्हणजे... तू नाही शिवणार?"

"ते कुठे विचारलं मी?" मी म्हणाले आणि मशीनवरचे थेंब पुसायला घेतले.