बिनआवाजाची फेरी

शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना. बॅटरीवाल्याने पाना लावून दोनदा जोर केला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून पुन्हा केला, आणि शेवटी तळहात पँटला पुसत तो धक्क्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघायला लागला.

"अण्णा, कापू का?"

अण्णांना ऐकू गेलं नाही. बोटीत वाकून उभ्या असलेल्या सुनेने दोन बोटांनी कात्री चालवून दाखवली.

"कापा," अण्णा म्हणाले. "परत कुठे बसवायचंय त्याला."

बोल्ट कापला. साखळीच्या पुलीवर इंजिन हळूहळू वर आलं, क्षणभर हवेत फिरलं आणि धक्क्यावर मांडलेल्या फळ्यांवर टेकलं. त्याबरोबर बोट पाण्यातून वीतभर वर उचलली गेली. आजवर कधी हवा न लागलेला हिरवट काळा पट्टा लाकडावर उघडा पडला. अण्णा त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी इंजिनावरची काजळी चिंधीने पुसायला घेतली. उद्या ते भंगारात जायचं होतं.

या तळ्याचं पाणी शहरातल्या नळांना जात होतं, म्हणून यंदापासून त्यात तेलावर चालणारं इंजिन नको, असा नियम झाला होता. अण्णांचं म्हणणं, बोट विकून टाकावी. सून म्हणाली, विकून मग दोघांनी दिवसभर घरात एकमेकांची तोंडं बघायची का? म्हणून आता बोटीत बॅटऱ्या आणि विजेची मोटर बसणार होती.

बोट अण्णांच्या वडिलांनी बांधलेली. तळ्याच्या दोन काठांना जोडणारा रस्ता फार लांबून वळसा घालून जाई, त्यामुळे माणसं बोटीनेच जात-येत. पूर्वी अण्णा इंजिन सांभाळत आणि मुलगा सुकाणू धरी. मग मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून दूरदेशीच्या एका बंदरावर नोकरीला गेला. तो येईपर्यंत म्हणून सुनेने सुकाणू हातात घेतलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. मधल्या काळात सासूबाई गेल्या. घरात दोघंच उरली.

बोटीत उतारू पुढे बसत, तोंडं पुढच्या काठाकडे करून. मध्यावर इंजिनाची पेटी. तिच्या मागे एका बुटक्या स्टुलावर अण्णा बसत, पण त्यांचं तोंड मागे, सुनेकडे. कारण आवाजात हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तिने तळहात वर केला की वेग वाढवायचा, खाली केला की कमी करायचा, मूठ मिटली की इंजिन बंद.

त्या आवाजात तिला बोलायची सवय लागली. पहिल्याच वर्षी एकदा ती घरात काय काय संपलंय ते मोठ्याने मोजत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपलं आपल्यालाही ऐकू येत नाहीये. मग तिने धीर केला. सकाळी घरात गिळलेला शब्द पाण्यावर आला की बाहेर पडायला लागला. शेजारणीशी भांडण झालं की तेव्हा न सुचलेलं उत्तर ती इथे देई. नवऱ्याला जे फोनवर बोलता येत नसे ते इथे बोले. अण्णांनाही सोडत नसे. म्हातारा भाजी चाखायच्या आधीच वर मीठ घेतो, दार कधी लावत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकतो. हे सगळं ती त्यांच्या तोंडावर बोलायची आणि ते आपले शांतपणे तिच्या हाताकडे बघत बसायचे. तीस-पस्तीस वर्षं त्या धडधडीशेजारी काढून त्यांचे कान तसेही अधू झाले होते. संध्याकाळी बोट बांधून ती घरी निघायची तेव्हा अंग दमलेलं असे, पण डोकं हलकं.

मोटर बसल्यावरच्या पहिल्या फेरीला उतारू चढले आणि कुजबुजत बसले. तिने सुकाणूशेजारचा नवा खटका पुढे ढकलला. बोट निघाली, पण निघाली हे कळायला काठाकडेच बघावं लागलं. पाणी फळ्यांवर चपचप वाजत होतं, तेवढंच. रोज जिवाच्या आकांताने एकमेकींच्या कानात ओरडणाऱ्या दोन जावा आज ओठ मिटून बसल्या होत्या. एका नोकरदाराने तळ्याच्या मधोमध फोन कानाला लावून सांगितलं, "हो साहेब, टेबलावरच आहे मी." इंजिन असताना त्याला हे कधी जमलं नव्हतं.

"आज काय भा..." तिने सवयीने सुरुवात केली.

शिंपीणबाईंनी चटकन मागे वळून विचारलं, "काय म्हणालात, वहिनी?"

"काही नाही."

त्यानंतर तिने तोंड मिटलं ते मिटलंच. आठवडा गेला, दुसरा गेला. घरी भांडी जरा जोरात आपटायला लागली. रात्री पडल्यावर दिवसभराचं सगळं डोक्यात एकदम बोलायला लागे आणि झोप येत नसे. बॅटरीवाला एकदा बघायला आला, "कशी चाललीय?" म्हणून विचारून गेला. तिने सांगितलं, छान चाललीय. ते खोटंही नव्हतं. धूर नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते, खांदे दुखत नव्हते.

अण्णा रोज बरोबर येत. करायला काही नव्हतं, तरी त्याच स्टुलावर, तिच्याकडे तोंड करून बसत. पेटीत आता बॅटऱ्या होत्या. तिचं झाकण ते अधूनमधून पुसत. नवीन खटक्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. नखांतली काजळी हळूहळू निघून गेली, तेव्हा ते आपल्याच हातांकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघायला लागले.

दुपारच्या परतीच्या फेरीला कधीकधी एकही उतारू नसे. तशाच एका दुपारी बोट मध्यावर आली असताना अण्णा म्हणाले,

"बोलत नाहीस हल्ली."

"बोलते की. सकाळीच नाही का म्हटलं, गॅस संपत आलाय."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ते घरातलं. मी इथलं म्हणतोय."

सुकाणूवरचा तिचा हात सैल झाला. बोटीचं नाक जरासं वळलं, ते तिने सरळ केलं.

"इथे मी कधी बोलत होते?"

अण्णा नुसते हसले.

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"त्या धुडाशेजारी बसून? मला माझा खोकला ऐकू यायचा नाही."

"मग?"

त्यांनी आपल्या ओठांवरून बोट फिरवलं. "समोर बसायचो ना. दिवसभर तुझ्याकडेच बघायचं, हात कधी हलतो म्हणून. पहिलं वर्षभर वाटायचं, गाणं म्हणतेय. मग एकेक शब्द लागायला लागला. सगळे नाही लागायचे."

"कुठले लागले?"

"शिव्या आधी लागल्या."

"अण्णा, ते मी रागाच्या भरात..."

"मिठाचं खरं आहे. चाखून घ्यायला पाहिजे."

तिला हसू येत होतं, पण मधेच काहीतरी आठवून ते विरलं. मग तिने विचारलं, "थंडीतलं?"

अण्णांनी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली. "ते तर तू कितीतरी दिवस तेच तेच बोलत होतीस. आधी मला वाटलं, मला चुकीचं लागतंय."

थंडीत तिने एकदा नवऱ्याला अवेळी फोन लावला होता. एका लहान मुलीने उचलला आणि आत हाक मारली, "बाबा, फोन." मग तो फोनवर आला, त्याने इकडे थंडी किती आहे ते विचारलं, आणि तिने सांगितलं, बरीच आहे. घरी ती कुणाला काही बोलली नाही. पाण्यावर मात्र घसा फाटेस्तोवर बोलली. त्या बोलण्याचा शेवट दरवेळी एकच असे.

"माहीत होतं," ती म्हणाली, "तर लोकांना 'येईल, सुट्टी मिळाली की येईल' असं का सांगत होतात?"

"तूच म्हणत होतीस ना, अण्णांना कळता कामा नये म्हणून. खचतील म्हणून."

काठ आला. अण्णांनी दोर टाकला, तिने बांधला.

दोन-तीन दिवसांनी सकाळच्या गर्दीच्या फेरीला पेन्शनर मास्तर चढले आणि पेटीजवळच्या बाकावर बसले. मास्तर चौकशी केल्याशिवाय तळं ओलांडत नसत. बोट निघाल्यावर ते मागे वळले.

"काय अण्णा, बोट तर नवी झाली. आता चिरंजीव कधी येताहेत?"

इंजिनाच्या सवयीने त्यांनी ओरडूनच विचारलं होतं, ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पूर्वी बोटीत या प्रश्नाला अण्णा हवेत हात हलवत आणि त्याचा अर्थ 'येईल' असा घेतला जाई. आता त्यांनी सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. फक्त नजर चुकवली नाही.

"नाही येणार तो," अण्णा म्हणाले.

"म्हणजे यंदा नाही?"

"यंदा नाही आणि पुढेही नाही. त्याचं घर झालंय तिकडे. मूलबाळ आहे."

नोकरदाराने कानाचा फोन खाली घेतला. दोघी जावा एकाच वेळी पाण्याकडे बघायला लागल्या.

"मग... बोटीचं कसं?" मास्तरांनी जरा चाचरत विचारलं.

"बोटीचं काय? सात वर्षं चालवतेय ती. तिचीच आहे."

"हं," म्हणून मास्तर पुढे तोंड करून बसले. तिला वाटलं होतं, हे कधी लोकांसमोर आलं तर आपण त्या दिवशी काठावर उतरू शकणार नाही. पण बोट धक्क्याला लागली, माणसं रोजच्यासारखी पिशव्या सावरत उतरली. शिंपीणबाई सर्वांत शेवटी उतरल्या.

"वहिनी, जाकीट उसवलंय तुमचं खांद्यात. संध्याकाळी टाका माझ्याकडे."

"टाकते," ती म्हणाली. तिचा आवाज व्यवस्थित निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी बोट रिकामी होती. काठ सोडण्याआधी ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मला बहिणीकडे जाऊन यायचंय. आठवडाभर."

"जा."

"परत येईन."

"मी विचारलं का?"

"फेऱ्यांचं काय करायचं?"

अण्णांनी चिंधीची घडी घातली आणि पेटीवर ठेवली. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"दाखव तो खटका," ते म्हणाले.

तिने दोर सोडला आणि खटका दाखवला. पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये बंद. अण्णांनी एकदम पुरता ढकलला. बोटीने उडी घेतली आणि सून स्टुलावर आदळता आदळता राहिली. त्यांनी घाबरून खटका मागे घेतला.

"सावकाश," ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "इंजिन ओरडून सांगायचं, बास झालं म्हणून. हे सांगत नाही. पाण्याकडे बघून ढकलायचं."

"कळलं."

"सुकाणू घट्ट धरू नका. नुसता हात ठेवा."

"कळलं म्हटलं ना. बस जा."

ती स्टुलापाशी थांबली, पण तिथे बसली नाही. पेटी ओलांडून पुढे गेली आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर, उतारू बसतात तशी बसली. सात वर्षांत तिने हे तळं अण्णांच्या डोक्यावरूनच पाहिलं होतं. आता मध्ये कुणी नव्हतं. पाणी थेट तिच्या पायांपाशी येऊन दुभंगत होतं. बोट जरा डावीकडे, जरा उजवीकडे होत होती, पण चालली होती.

थोड्या वेळाने मागून काहीतरी ऐकू आलं. तिला वाटलं, अण्णा हाक मारताहेत. ती वळणार होती, तेवढ्यात शब्द लागले.

"मोठा शहाणा," अण्णा म्हणत होते. "एवढं होईपर्यंत बापाला एक शब्द नाही. मी काय धावून येणार होतो मारायला? शिव्या दिल्या असत्या दोन. तेवढ्या खाल्ल्या असत्यास." मग थोडं थांबून, "हिच्याशी वागलास ते वागलास, त्याला माफी नाही. ते तुझं तू बघ." बोट जरा डावीकडे गेली, ती त्यांनी सरळ केली. "पण पोरीचं नाव तरी कळवायचंस. नाव ठेवलं असशीलच ना काहीतरी."

आपण किती मोठ्याने बोलतोय, हे त्यांना कळत नव्हतं. सबंध तळ्यात दुसरा आवाज नव्हता.

ती वळली नाही. समोरच्या काठावर चार-पाच माणसं सामान घेऊन उभी होती आणि त्यांतल्या कुणीतरी हात वर केला होता. येतोय म्हणून तिनेही आपला हात वर केला आणि काठावरून कुणी हाक मारू नये यासाठी अण्णांचं बोलणं थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.