राखीव आठ कोळंब्या

दिनांक १६ नोव्हेंबर २००३, रविवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. कोळंबी : अठ्ठेचाळीस नग.

मासळी बाजारातून परत आल्याबरोबर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी हा आकडा स्वतः मोजून घेतला. कोळंबी वजनावर मिळते आणि घरी आणून कोणी ती नगावर मोजत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या दिवशीची कोळंबी तपासणीसाठी आणलेली होती. माझी मुलगी अक्षता हिला सांगून आलेला मुलगा दुपारी आमच्या घरी येऊन ही कोळंबी शिजवून दाखविणार होता, आणि तो खरा की खोटा याचा निर्णय मला त्या कोळंबीवरून करावयाचा होता.

मुलाचे नाव प्रसेनजीत, राहणार जयसिंगपूर. स्थळ आणले होते माझे मेहुणे आकाराम यांनी. त्यांच्या सांगण्यानुसार हा मुलगा चार वर्षे एका मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी होता. ते जहाज हवाई बेटांना जात असे आणि तिथली लसणातली कोळंबी जगप्रसिद्ध असून ती याच्या हाताला बसलेली होती. आता जहाज सोडून तो कोल्हापुरात स्वतःची खाणावळ काढणार होता.

म्हणजे मुलाजवळ पगार नाही, जमीन नाही. जे काही आहे ते हातात. तो हातच खोटा निघाला, तर माझ्या मुलीने कशाच्या भरवशावर त्याच्या घरी जावयाचे? अक्षता एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचा पगार पाहून आलेली दोन स्थळे मी आधीच परत पाठविली होती. शिवाय कागलला आमच्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न 'परदेशातल्या इंजिनिअर'शी मोठ्या थाटात झाले होते, आणि जावई दुबईत गाड्या धुण्याचे काम करतात हे तिला बाळंतपणाला माहेरी आल्यावर समजले. गाड्या धुण्यात कमीपणा नाही. खोटे सांगण्यात आहे.

प्रसेनजीतचा पासपोर्ट मी पाहिला होता. त्यावर अमेरिकेचे शिक्के होते. पण शिक्का माणूस कोठे गेला एवढेच सांगतो, तेथे त्याने कढई धरली की भांडी घासली हे सांगत नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यानंतर माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत, तपासणी विभागात झाली. ओतकाम चांगले आहे का, हे तेथे ओतणाऱ्याला विचारीत नाहीत. नग कापून पाहतात.

म्हणून मी आकारामांना सांगितले, ती जगप्रसिद्ध कोळंबी मुलाने आमच्या घरी करून दाखवावी. मुलगा लगेच तयार झाला. एवढ्या लगेच कोणी तयार झाले की मला शंका येते. कोळंबी मीच घेऊन येतो, असेही तो म्हणाला. ते मी साफ नाकारले. तपासणीचा माल तपासणी करणाऱ्याचाच असला पाहिजे.

फौंड्रीत आणखी एक पद्धत होती. आलेल्या मालातून काही नग बाजूला काढून कुलपात ठेवावयाचे. पुढे वाद झालाच तर ते बाहेर काढून पाहावयाचे. त्याला आम्ही राखीव नमुना म्हणत असू. त्या सवयीने मी अठ्ठेचाळीसपैकी आठ कोळंब्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि तो डबा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, मागच्या बाजूला सरकवला. कोणाला सांगितले नाही. उरलेल्या चाळीस पत्नीच्या ताब्यात दिल्या.

बारा वाजता आकाराम मुलाला घेऊन आले. मुलगा उंच, सावळा, कमी बोलणारा. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता. आचाऱ्याच्या हातावर तो असतो, तसाच तो सायलेन्सरला हात लागलेल्या कोणाच्याही हातावर असतो, एवढी नोंद मी मनात केली.

"दाजी, बघा, येळंवर आणलाय का न्हाय?" आकाराम चपला काढता काढता म्हणाले. "आज हवाई बेट तुमच्या दारात!"

"बेट नको, जेवण मिळालं तरी पुष्कळ," मी म्हणालो.

शेवंताबाई, म्हणजे माझी पत्नी, हिने मोठ्या अभिमानाने परात पुढे केली. चाळीसच्या चाळीस कोळंब्या सोललेल्या, डोकी काढलेल्या, धुतलेल्या, हळद-मीठ आणि लिंबू चोळून पिवळ्याधमक झालेल्या.

"पावणं, समदं तयार हाय. तुमी निस्ती फोडणी द्या."

मुलगा परातीकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो.

"सालं कुठं हायत, मावशी?" त्याने हळूच विचारले.

"सालं? मिरचीच्या वाफ्यात पुरली की. खत हुतंय."

"मी मामांना सांगितलं होतं, साफ करू नका, तशीच राहू द्या म्हणून."

सगळ्यांनी आकारामांकडे पाहिले. "मी सांगिटलंतं की आक्काला!" आकाराम म्हणाले. "सांगिटलंतं का न्हाय गं?"

"सांगिटलंतंस. पण पावणं असं म्हणत्यातच की, काय करू नका, तरास घिऊ नका. म्हणून काय आपण पावण्याम्होरं घाण ठेवायची व्हय? बघणाऱ्यानं काय म्हटलं आसतं?"

तिचे बरोबर होते. आमच्याकडे पाहुणा 'चहा नको' म्हणाला की आधण ठेवतात, आणि 'काही करू नका' म्हणाला की पुरण शिजायला पडते. पाहुण्याचे नकार शब्दशः घेणारे घर चार लोकांत बदनाम होते.

मुलगा म्हणाला, "ती कोळंबी सालासकट करतात. लसूण आणि बटर सालाला धरतं, आत मऊ राहतं. सोललेलीला हळद लागली की चव वेगळी होती."

"सालासकट?" शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन् खायची कशी? आमी काय गुरं हाय?"

मला मात्र हसू आले नाही. ज्याला काम येत नाही तो नेहमी मालाला नाव ठेवतो. वाळू ओली होती, कोळसा हलका होता, साचा हलला होता; अशी कारणे मी आयुष्यभर ऐकली होती. कोळंबीला साल नाही, हे त्यातलेच एक असू शकत होते. साल असलेल्या आठ कोळंब्या माझ्यापासून चार पावलांवर होत्या. मी एक शब्द बोलून कारण खोडून काढू शकलो असतो, पण बोललो नाही. तो यातून कसा निसटतो ते मला पाहावयाचे होते.

आकाराम त्याच्या कानाशी लागले. कुजबुजणे त्यांना जमत नसल्यामुळे ते सर्वांना ऐकू गेले. "अरं, करून टाक की ह्याचंच! लसूण घाल, बटर घाल. दाजींस्नी कुठं ठावं हाय हवाई का फवाई!"

"न्हाय मामा," मुलगा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "काका, ह्या चाळीसचं मी चांगलं कालवण करून देतो. पण ते तिकडचं आहे असं सांगून वाढणार नाही. तुम्ही मला जे बघायला बोलावलंय, ते आज होणार नाही. पुढच्या रविवारी परत येतो."

"म्हणजे परीक्षा पुढं ढकलली," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणाल तसं."

बोलणे सरळ होते. मुदत मागणारे सगळेच सरळ बोलतात. पुढचा रविवार म्हणजे आठवडा. आठवड्यात कोणत्याही हॉटेलातल्या आचाऱ्याकडून एक पदार्थ शिकून घेता येतो. तपासणी येथेच थांबवावी आणि आकारामांना संध्याकाळी नकार कळवावा, असे मी जवळजवळ ठरविले.

तेवढ्यात दारात उभी असलेली अक्षता पुढे आली.

"बाबा, राखीव कुठं ठेवलंय?"

"काय राखीव?"

"तुम्ही नव्या तांदळाचं पोतं आणलं तरी मूठभर डब्यात काढून ठेवता. माझ्या दहावीच्या निकालाच्या दोन झेरॉक्स अजून तुमच्या कपाटात आहेत. आणि आज कोळंबी मोजून घेतली आन् राखीव काढली नाही, हे मी मानीन व्हय?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिले. "तरीच! एवढ्या पैक्यात मला चाळीसच भरली. मी म्हटलं बाजारात हेंना फसीवलं. अवो, काढा की भायेर!"

आकाराम एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी फ्रिज उघडला आणि डबा ओट्यावर ठेवला. मुलाने झाकण काढले. आठ कोळंब्या, साल, मिशा, सगळे जागेवर.

त्याने त्या पाण्यात सोडल्या आणि कात्री मागितली. घरात कात्री एकच होती, शेवंताबाईंची ब्लाऊज बेतण्याची. ती देताना तिच्या जिवाचे पाणी झाले. मुलाने एकेक कोळंबी डाव्या हातात धरून पाठीवरून साल उभे कापले, काळा दोरा ओढून काढला आणि साल होते तसे मिटवले. हात न थांबता पुढच्या कोळंबीकडे जात होता. हे शिकून येत नाही, हे पुष्कळ केल्यावर येते; परंतु कोळंबी साफ करता येणे आणि ती शिजविता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. मी स्टूल ओट्याजवळ ओढून घेतले.

त्याने कोळंब्यांना मैदा, तिखट, मीठ लावून ठेवले. लसणाचे तीन गड्डे बारीक चिरले. बटरमध्ये मंद आचेवर लसूण सोडला आणि तो जेमतेम पिवळसर होताच गाळणीने बाहेर काढून वाटीत ठेवला.

"कच्चाच काढला," मी म्हणालो.

"काढल्यावर पण तो शिजत राहतो, काका. आतली उष्णता असती. रंग आल्यावर काढला तर ताटात येईस्तोवर कडू होतो."

मी वाटीवर लक्ष ठेवले. त्याने त्याच बटरमध्ये कोळंब्या तळून दोन्ही बाजूंनी लाल करीपर्यंत वाटीतला लसूण आपोआप सोनेरी झाला होता. मग तो वरून ओतला आणि लिंबू पिळले. एवढा वास आमच्या घरात मटणालाही कधी सुटला नव्हता.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं? जहाजावर?" मी विचारले.

"न्हाय. जहाजावर मी कांदे कापायचो पहिली दोन वर्षं. मामा आचारी म्हणतात, तसा आचारी शेवटी शेवटी झालो." आकारामांनी छताकडे पाहिले. "बेटावर रस्त्याकडंला एक म्हातारा गाडी लावून हे विकायचा. सुट्टी मिळाली की त्याच्याकडं लसूण सोलत बसायचो. पैसे न्हाय द्यायचा, जेवू घालायचा."

त्याने भात वाटीने दाबून प्रत्येक ताटात दोन मुदी पाडल्या आणि शेजारी दोन-दोन कोळंब्या ठेवल्या: मला, शेवंताबाईंना, आकारामांना, अक्षताला. स्वतःच्या ताटात नुसता भात घेतला.

"रस्सा कुठाय?" शेवंताबाईंनी विचारले.

"ह्याला रस्सा नसतो, मावशी."

"अगंबया," ती म्हणाली, आणि उठून चाळीस कोळंब्यांच्या रश्श्याला कांदा भाजायला लागली.

मी जेवायला सुरुवात केली नाही. आपल्या हातचे स्वतः न खाणारा माणूस पाहिला की माझा हात थांबतो. मी माझ्यातली एक कोळंबी उचलून त्याच्या ताटात ठेवली. "आधी तुम्ही."

त्याने ती उचलली, आधी वरचा लसूण चोखून घेतला, डोके मोडून बाजूला ठेवले आणि उरलेली सालासकट, शेपटासकट कुरकुरत खाल्ली. खाताना त्याचे आमच्याकडे लक्ष नव्हते. डोळे किंचित मिटले होते, जणू तो दुसरीकडेच कोठे बसला होता. दाखविण्यासाठी खाणारा माणूस समोरच्याकडे पाहत खातो.

मग मी माझी खाल्ली. साल पापडासारखे मोडले. आत ती गोड होती.

"बरी आहे," मी म्हणालो.

"दाजींची बरी म्हंजे पास!" आकाराम ओरडले.

"मामा, तुम्ही गप बसा," अक्षता म्हणाली. "माझं तर मघाशीच ठरलंय."

"कधी?" मी विचारले.

"चाळीस पुढ्यात होत्या आन् न्हाय म्हणाले, तेव्हा." तिने दुसरी कोळंबी उचलली. "तुमचं चालू दे, बाबा."

माझे आणखी थोडा वेळ चालले. मुलाने शेवंताबाईंचा रस्सा दोनदा मागून घेतला, तेव्हा तो खुशामत करीत आहे की त्याला खरोखर आवडला आहे, हे मी बारकाईने पाहिले. तिसऱ्यांदा त्याने न विचारता स्वतः पळी घेतली. मी आकारामांना म्हणालो की मुलाच्या आईवडिलांना येत्या रविवारी बोलवावे.

जयसिंगपूरहून अकरा माणसे येणार असल्याचा निरोप आला. रविवारी सकाळी मी पुन्हा मासळी बाजारात गेलो आणि कोळंबी ओट्यावर मोजली. शेवंताबाईंना एकाही कोळंबीला हातसुद्धा लावू दिला नाही.

कोळंबी : एकशे वीस. राखीव : शून्य.