शाई कोण पितंय

छत्तीस वर्षं मी वीजमीटर तपासले. लोकांच्या घरात शिरायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा वाचायचा आणि मालक "एवढं बिल आलंच कसं?" म्हणाला की त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं. बहुतेकांना त्या बघण्यातच उत्तर मिळायचं. निवृत्त झालो तरी ती नजर काही गेली नाही, असं आमची ही म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.

तेव्हा घरात प्रिंटर आला त्या दिवसापासून माझी नजर त्याच्यावर होती, हे सांगायला नकोच.

प्रिंटर सूनबाईचा. ती शिवणकाम करते, पण खरं कसब तिचं पेपर कटिंगमध्ये. अंगाचं माप घ्यायचं, कॉम्प्युटरवर रेघा आखायच्या आणि त्या साध्या कागदांवर छापायच्या. एका शर्टाची सोळा पानं निघतात. ती कडेला कडा जुळवून चिकटवली की पाठ, बाही, कॉलर सगळं खऱ्या मापात टेबलावर उभं राहतं. शिवणाऱ्याने फक्त कापड खाली ठेवून कापायचं. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्या रेघेला रेघ मिळते तेव्हा मीसुद्धा दारात दोन मिनिटं थांबतो.

प्रिंटरच्या अंगालाच चार पारदर्शक टाक्या आहेत. काळी, निळी, गुलाबी, पिवळी. बाटलीतून शाई ओतायची, बाहेरून पातळी दिसते. एकदा भरली की हजारो पानं, असं विकणारा म्हणाला होता. पहिले दोन आठवडे मी येता-जाता बघितलं आणि म्हटलं, बरं आहे, वस्तू प्रामाणिक दिसते.

दोन महिन्यांत रंगीत टाक्या निम्म्यावर आल्या.

आता बघा. सूनबाई छापते काळ्या रेघा. काळी शाई उतरली तर समजू शकतो. निळी का उतरावी? पिवळी कोण पितंय? माझ्या खात्यात असं झालं की एकच अर्थ निघायचा, कुठेतरी चोरून जोडणी आहे. मी जेवताना सरळ विचारलं.

"सूनबाई, रंगीत काय छापतेस?"

"काही नाही बाबा. फक्त रेघा."

"मग शाई काय हवेत उडाली?"

चिरंजीव ताटात बघत राहिले. लग्नानंतर हा आमचा मुलगा ताटात फार बघायला लागलाय. "कुणाचे फोटोबिटो छापून देत असशील तर तसं सांग," मी म्हणालो, "लपवायचं कशाला?" ती उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेलाच होता.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात शिवणवर्गाच्या बाई घरी आल्या. त्यांच्या वर्गात चाळीस जणी शिकतात, आणि त्या सगळ्यांसाठी सहा मापांच्या पेपर कटिंगचे संच त्यांना हवे होते. सूनबाईने ती सहा मापं चार महिने खपून बसवली होती. तिचं हे पहिलं मोठं काम. ती आत चहा टाकत होती, बाई आणि मी बाहेर बसलो होतो आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"आमच्या मशीनचा भरवसा धरू नका," मी म्हणालो. "पानांपेक्षा शाई जास्त जाते. महिनाअखेर काढूनच टाकणार आहोत."

बाईंनी पिशवी मांडीवरून उचलून खांद्याला लावली. "असं का? मग मी कळवते नंतर," म्हणाल्या.

सूनबाई ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाईंना चहा दिला, मला दिला, माझ्या कपात साखर कमी घातली होती, रोज घालते तशीच. बाई गेल्यावर आमच्या हिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. सूनबाईने नाही धरला, आणि तेच मला खुपत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एक वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, मशीन काढायचं तर काढू. पण आधी पंधरा दिवस द्या. शाई कोण पितंय ते बघू."

"बघणार कोण?"

"तुम्ही. मी आकडे घेतले तर म्हणाल, मीच लिहिले."

मला आतल्या खोलीत नेलं. मापाची जुनी टेप कापून तिने चार तुकडे केले होते आणि चारही टाक्यांवर उभे चिकटवले होते, शून्य बरोबर तळाच्या रेघेशी. मिलिमीटर न् मिलिमीटर दिसत होता. मी म्हटलं, डोळा पातळीच्या समोर आणून वाचायचं, वरून वाचलं की चूक होते. ती म्हणाली, म्हणूनच तर स्टूल ठेवलंय. खरंच, प्रिंटरसमोर एक बुटकं स्टूल होतं, आणि बसल्यावर माझे डोळे नेमके शाईच्या पातळीला आले. माझं माप तिने कधी घेतलं कोण जाणे.

"त्या छोट्या पडद्यावर शाईचं चित्र दिसतं की," मी म्हणालो.

"तो मशीनचा अंदाज असतो. खरं काय ते टाकीत. आणि कुठलीही टाकी या खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही. नळ्यांत हवा शिरली की मशीन गेलंच."

वहीत रकाने आखले होते. तारीख, वेळ, चार रंग, छापलेली पानं. शेवटचा रकाना होता, भिंतीवरचं बटण.

"बटणाचा इथे काय संबंध?"

"मीटर वाचताना तुम्ही मेन स्विच बघत होतात की नाही?"

"बघायचो."

"मग झालं."

मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी, दिवसातून तीन वेळा चष्मा पुसून स्टुलावर बसायचो. कागदाची चळतही मोजून ठेवायचो. एका मंगळवारी तिने अठ्ठेचाळीस पानं छापली आणि काळी शाई टेपवर जेमतेम हलली. रंगीत जागची हलली नाही. मी मनात म्हटलं, काय काटकसरी यंत्र आहे. बुधवारी ती दोरे आणायला बाजारात गेली होती. गुरुवारी सकाळी तिने मशीन सुरू केलं, मी आकडे घेतले, आणि चारही टाक्या खाली आलेल्या. कागद मोजले. एकही कमी नाही.

कागद न वापरता शाई जाते म्हणजे काय? चोर असता तर कागद तरी नेला असता. मी हे कुणाला बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. रोज माझ्यानंतर ती वही उघडायची, वाचायची, मिटून ठेवायची. चेहऱ्यावर काही नाही. आमच्या खात्यातला एकही साहेब इतका शांत नव्हता.

बाराव्या दिवशी दुपारी मी वही घेऊन बसलो आणि माझ्याच अक्षरांवरून बोट खाली नेत गेलो. जिथे जिथे चारही रंग एकदम उतरले होते तिथे तिथे त्याच्या आधीच्या ओळीत शेवटच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, "बंद".

बटणं घरात मीच बंद करतो. जेवण झालं की फेरी, दुपारी आडवं होण्याआधी फेरी. दिवा नको तिथे दिवा नाही, बटण नको तिथे बटण नाही. छत्तीस वर्षांची सवय. शिस्त म्हणतो मी तिला.

मी उठलो. आकडे लिहिले. मशीन चालू होतं, तसंच भिंतीवरून बंद केलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा चालू केलं. यंत्र आतल्या आत घरघरलं, त्याने शाई सोडणारं डोकं इकडून तिकडे नेलं, कुठेतरी काहीतरी ओढून घेतलं, पुन्हा ओढलं. दोन-तीन मिनिटं त्याचा हा उद्योग चालला. कागद एकही आत गेला नाही. मग मी स्टुलावर बसलो आणि निळी बघितली. टेपवर केसाएवढी खाली. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

सूनबाई दारात होती. मी न वळताच विचारलं, "हे काय करतं गं?"

"मशीनचं स्वतःचं बटण दाबून बंद केलं की शाईचं डोकं घरी जातं, त्याच्यावर झाकण बसतं," ती म्हणाली. "भिंतीवरून तोडलं की उघडंच राहतं. मग सुरू होताना त्याला वाटतं, आपण वाळलो असू. ते चारही रंगांनी स्वतःला धुऊन घेतं. ती शाई खाली स्पंजात जाते."

"तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?"

"बोलले होते बाबा. दोनदा. तुम्ही म्हणालात, विजेचं मला शिकवू नकोस."

म्हणालो असेन. म्हणालोच असणार, ते वाक्य माझंच आहे. तिने पुढे एक शब्द वाढवला नाही. ज्याला माणसाचं ऐकायची सवय नाही त्याला तिने आकडे दिले, आणि ते आकडेही त्याच्याच अक्षरात. मी आयुष्यात पुष्कळ हुशार लोक बघितले, बरेचसे स्वतःला हुशार समजणारे. असं काम मी बघितलं नव्हतं.

मी तिथूनच शिवणवर्गाच्या बाईंना फोन लावला. सूनबाईसमोरच, कारण अपमान तिच्यासमोर केला होता.

"बाई, त्या दिवशी मी चुकीचं बोललो," मी म्हणालो. "मशीनचा दोष नव्हता, सुनेचाही नव्हता. शाई मीच वाया घालवत होतो. मशीन कुठेही जात नाही. तुमचं काम ती चोख करेल."

बाई म्हणाल्या, "अहो, चार मापं मी दुसरीकडे देऊन बसले. दोनच राहिलीत."

सूनबाईने माझ्या हातातून फोन घेतला. "दोन तर दोन, बाई. पुढच्या बुधवारी चाळीसही संच तयार ठेवते," म्हणाली, आणि कागदाची जाडी कुठली हवी ते विचारून घेतलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "चार मापं माझ्यामुळे गेली."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, असू द्या बाबा. घरातली सगळी मला तेच म्हणत आली आहेत.

"हो," ती म्हणाली, "तुमच्यामुळेच गेली."

तिच्या आवाजात राग नव्हता. रीडिंग सांगावं तसं तिने सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या घरात माझ्यासारखं कुणीतरी आहे. असू द्या म्हणाली असती, तर मी चार दिवसांत विसरून गेलो असतो.