पितळेची माशी

माझा नवरा आर्सेनी त्या हिवाळ्यात चष्म्याशिवाय वाचायला लागला आणि मी खुळ्यासारखी आनंदले. सत्तरीला टेकलेला माणूस चहाच्या डब्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवायचा आणि वर ऐटीत म्हणायचा, मी आता उलटा जगायला लागलोय. माझं नेमकं उलट. खाडीपलीकडच्या होडीवरचं नाव मला दिसतं, पण हातातल्या सुईचं नाक दिसत नाही. म्हणून मी शेजारपाजारी सांगत सुटले की आमच्या घरात एक तरी डोळस माणूस आहे.

वसंतात मात्र माशी शिंकली. दर वर्षी मासळीच्या खोपटावर राहायला जाण्याआधी आर्सेनी अंगणामागे आल्डरच्या फांदीला पांढरी पत्र्याची तबकडी टांगतो आणि रिव्हॉल्व्हरने नेम साधतो. त्या दिवशी एकही गोळी तबकडीला लागली नाही. आमची मुलगी पाशा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती गावातल्या मासळीच्या कारखान्यात मुकादम आहे, आणि घरीही मुकादमच असते. तिने हात पुसले, बाहेर आली आणि सांगून टाकलं की या उन्हाळ्यात खोपटावर कुणीही जाणार नाही.

हे खोपट म्हणजे आर्सेनीचा जीव. त्याच्या आजोबांनी ओढ्याच्या तोंडाशी ते बांधलं. लाल सॅमन मासे समुद्रातून ओढ्यात वर चढायला लागले की आम्ही तिथे जातो, मासे चिरतो, धुरावर सुकवतो आणि पानं गळायला लागली की परततो. गावात उन्हाळा काढायचा म्हटलं की हा माणूस जेवत नाही, बोलत नाही, नुसता धक्क्यावर जाऊन बसतो. पण तो ओढा आमच्याइतकाच अस्वलांचाही आहे, आमच्यापेक्षा जास्तच म्हणा. कमरेला हत्यार नसताना तिथे कुणी राहत नाही, आणि ज्याच्या हातून नेम साधत नाही त्याच्या कमरेला ते असून काय उपयोग, हे पाशाचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी तिने एवढीच सवलत दिली. "बाबा, तबकडी वाजवून दाखवा. वाजली तर जा. नाही वाजली तर मला परत विचारायचं नाही."

आर्सेनीने सगळा दोष माशीवर ढकलला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारकासा उंचवटा. मागच्या खाचेतून माशी बघायची आणि माशीवरून सावज. त्याची माशी काळी, खाचही काळी, आणि समोर आमच्या उत्तरेकडच्या बेटावरची सावळी झाडी. "काळ्यात काळं शोधू कसं?" तो म्हणाला, आणि मला ते पटलं. आम्ही हाल्वरकडे गेलो.

हाल्वर बंदुका दुरुस्त करतो आणि माणसांची उणीदुणी काढतो, दोन्ही तितक्याच हौसेने. आर्सेनीची आणि त्याची दोस्ती पोरवयापासूनची. सावजाकडे बघशील तर चुकशील, माशीकडे बघ, सावज अंधुक दिसलं तरी चालेल, हे त्यानेच बेटावरच्या दोन पिढ्यांना घोकून घोकून शिकवलं आहे. त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, तपासलं, पुन्हा तपासलं आणि एकेक माशी बसवून आर्सेनीला मागच्या दारातून आभाळाखालच्या झाडीकडे धरायला लावली.

पहिली होती काचेच्या तंतूची लाल माशी. दिवसाचा सगळा उजेड गिळून टोकाला निखारा धरणारी. मला तर ती आवडलीच. आर्सेनी म्हणाला, हिला मिशा फुटल्यात. दुसरी अंधारात आपोआप चमकणारी हिरवी. ती त्याला पिंजलेल्या कापसासारखी पसरलेली दिसली, शिवाय झाडीच्या हिरव्यात हरवली. हाल्वर चिडला. अख्खं बेट या माशा कौतुकाने घेऊन जातं आणि हा त्यांत मिशा काढतो.

"तुझ्या डोळ्यांत काय भरलंय रे?" हाल्वरने विचारलं.

"तुझं तोंड," आर्सेनी म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. त्या प्रश्नावर हसायला नको होतं, पण हसलो.

मग हाल्वरने खालच्या खणातून एक जुनी माशी काढली. काळ्या पोलादात पितळेचा छोटा चौकोन जडवलेला, आणि त्याचा चेहरा आभाळाकडे कललेला. ती चमकत नाही, जळत नाही. आभाळात जेवढा उजेड असेल तेवढाच उसना घेते आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात टाकते. आमच्याकडे तिला 'आंबट पीठ' म्हणतात. पूर्वी सोन्याच्या मागे आलेली माणसं आंबवलेल्या पिठाचा गोळा गोठू नये म्हणून सदऱ्याखाली पोटाशी धरून हिवाळा काढायची. पुढे इथले हिवाळे पचवलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तेच नाव पडलं, आणि या माशीलाही. हाल्वर म्हणाला, दोन आंबट पिठं एकत्र आली, आता भाकरी फुगलीच पाहिजे.

आर्सेनीने हात लांब केला. बाहेर नेहमीसारखं राखाडी आभाळ होतं, ऊन असं नव्हतंच, तरी त्या एवढ्याशा पितळेवर दिवा लावल्यासारखा उजेड उतरला होता. तो त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला. बराच वेळ त्याने हात खाली घेतला नाही. "आहे," तो म्हणाला. "बसलीय नीट." एवढाशा धातूने माणसाला त्याचा उन्हाळा परत द्यावा याचं मला फार नवल वाटलं.

तबकडी वाजली. एकही गोळी हुकली नाही. वर्षानुवर्षं त्याच फांदीला, त्याच उंचीवर टांगलेली तबकडी, आणि तीही पांढरी. पाशाने ओठ आवळले, पण दिलेला शब्द पाळला आणि ती आम्हाला स्वतः होडीने सोडून आली. रोज संध्याकाळी वायरलेसवर खुशाली कळवायची, एवढं मात्र तिने शपथेवर कबूल करून घेतलं.

जुलै सरत आला होता. दुपार कलली होती, पाऊस नुकताच थांबला होता आणि ओढ्यावरून धुकं उठत होतं. मी काठावरच्या फळीवर मासे चिरत होते, आर्सेनी माझ्यामागे लाकडं रचत होता. आधी वास आला, ओल्या लोकरीचा आणि शिळ्या मासळीचा. मग पलीकडच्या काठावरची माणसाएवढी पुश्कीची झुडपं, त्यांचे पांढरे तुरे, एका बाजूने सावकाश वाकत आले. आता गावात बसून सांगतेय म्हणून अस्वल म्हणते. तिकडे ते नाव तोंडातून काढत नाहीत, त्याला ऐकू जातं; आजोबा म्हणायचं. मी हळूच म्हणाले, "आर्सेनी, आजोबा आलेत."

आर्सेनी धावला नाही. चालत आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. त्याने रिव्हॉल्व्हर काढून दोन्ही हातांनी धरलं.

आणि अस्वल उठून उभं राहिलं. मी अस्वलांच्या शेजारातच म्हातारी झाले, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ते उठतच राहिलं. छातीवरून पाणी ओघळत होतं, हनुवटीला माशाचे खवले चिकटले होते आणि ते चमकत होते. त्याच्या श्वासाने समोरचं धुकं हलत होतं. ते आमच्याकडे बघत होतं, त्या बघण्यात राग नव्हता, घाई तर मुळीच नव्हती. आपण केवढे किरकोळ आहोत हे मला त्या क्षणी कळलं, आणि खरं सांगते, त्याचं वाईट वाटलं नाही. हातातली सुरी कधी गळून पडली ते समजलंही नाही.

मग माझी नजर आर्सेनीच्या हातांवर गेली. हात स्थिर होते. आणि नळी रोखलेली होती डावीकडच्या शेवाळलेल्या काळ्या दगडावर. अस्वल त्याच्या बरंच उजवीकडे होतं.

हिवाळ्यापासूनचं सगळं एका दमात ध्यानात आलं. याला चहाचा डबा दिसत होता. पितळेची माशी दिसत होती. तबकडी कुठे टांगलेली असते हे तर याला पाठच होतं. लांबचं काही दिसतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

"उजवीकडे," मी कुजबुजले.

त्याने हात वळवले नाहीत. "बोलत राहा, फेक्ला. उभा आहे की चारी पायांवर?"

"उभा."

"कान?"

"पुढे."

"मग नुसता बघतोय. माझा नाद सोड, त्याच्याशी बोल."

मी बोलले. आजी बोलायची तसं. आजोबा, आम्ही इथलेच, धाकटी पाती. तुमच्या वाट्याला आम्ही हात लावत नाही, मासे दोघांना पुरून उरतील. शब्द आपोआप आले. आर्सेनीने नळी खाली केली. बोट चापापासून केव्हाच दूर होतं. अस्वलाने मान वळवली आणि ते दाणकन खाली आलं, तो दणका मला तळपायांत जाणवला. मग ते ओढ्यात उतरलं आणि एक मासा उचलून, आम्ही तिथे नसल्यासारखं, वरच्या अंगाला निघून गेलं.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला. कधीपासून दिसत नाहीये तुला?"

"नाताळपासून. सगळं पोत्याआडून बघितल्यासारखं."

मी त्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि ओढ्याकडे धरलं. पलीकडच्या आल्डरचं पान न पान मला दिसत होतं. पितळेची माशी मात्र दिसत नव्हती, नळीच्या टोकाशी नुसता पिवळा धूर होता. त्याला माशी दिसत होती, मला अस्वल. दोघं मिळून कसेबसे एक शिकारी. तेव्हा मात्र मला राग आला, असा की त्याला ओढ्यात ढकलून द्यावं.

"दिसत नव्हतं तर पुढे कशाला आलास?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "मग काय तुझ्या मागे उभा राहू?" तो म्हणाला.

समोर काय आहे, केवढं आहे, कुठे आहे, यातलं काही न दिसता हा माणूस दोन पावलं चालून माझ्यापुढे आला होता. अस्वलासमोर मी थरारले होते, पण त्या माणसासमोर मी त्याहून लहान झाले.

संध्याकाळी वायरलेसवर मी पाशाला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती म्हणाली की सकाळी होडी घेऊन येते, आणि आल्या आल्या बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. आर्सेनी ऐकत होता. त्याने वाद घातला नाही. तो बाकावर माझ्याजवळ सरकला आणि लाजत म्हणाला, "कसा होता, सांग ना."

मी सांगायला सुरुवात केली. खवल्यांपासून, छातीवरून ओघळणाऱ्या पाण्यापासून, तो उठतच कसा राहिला तिथपासून. काही सुटलं की तो अडवायचा आणि मागे न्यायचा. नीट दिसावं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले होते.